रेंज आली, ग्रामसभा रिकामीच

निवडणूक जवळ आली की विदर्भात एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो. एका बाजूचं म्हणणं, गावखेड्यातला मतदार आता पहिल्यासारखा राहिला नाही, त्याच्या हातात मोबाईल आहे, त्याला सगळं कळतं. दुसरी बाजू म्हणते, त्याच मोबाईलनं त्याचं वाटोळं केलं; वॉट्सअ‍ॅपवर येईल ते तो खरं मानतो आणि रील पाहून बटण दाबतो. बुलडाण्यापासून गोंदियापर्यंतच्या पानटपऱ्यांवर आणि नागपूरच्या चर्चासत्रांतही हा वाद याच दोन टोकांवरून खेळला जातो. टपरीवर शिव्या जरा जास्त, एवढाच फरक. पण तावातावानं भांडणाऱ्या या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासताच मान्य करून टाकली आहे. ती म्हणजे, इंटरनेट मतदाराच्या डोक्यात काहीतरी भरतं. एकीच्या मते ज्ञान, दुसरीच्या मते कचरा.

मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. इंटरनेट राजकारणाची आवड लावत नाही. ज्याला ती आधीपासून आहे त्याला ते पोटभर पुरवतं, आणि ज्याला नाही त्याला राजकारणापासून आरामात लांब राहू देतं. शिवाय ज्याला पुरवतं त्यालाही दिल्लीचं आणि मुंबईचं पुरवतं, पंचायत समितीचं नाही. त्यामुळे गावात रेंज आली, डेटा स्वस्त झाला, तरी स्वतःच्या मतानं जे हलू शकतं त्याबद्दलचं मतदाराचं ज्ञान होतं तिथंच आहे. ते वाढवायचं असेल तर आणखी एक अ‍ॅप काढून भागणार नाही. गावाच्या कारभाराचा कागद समोर ठेवून चार माणसांनी बोलायला बसावं लागेल.

एक साधा प्रश्न विचारून पाहा. अमरावती, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्हा परिषदांची निवडणूक फेब्रुवारी 2017 मध्ये झाली. मुदत मार्च 2022 मध्ये संपली. ओबीसी आरक्षणाचा तिढा न्यायालयात गेला आणि पुढे वर्षानुवर्षे तिथे प्रशासक बसला. गावची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, गुरांचा दवाखाना, गावाला जोडणारा रस्ता हे ज्या संस्थेकडे, तिथे इतकी वर्षं गावानं निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाला तर निवडून आलेली संस्था असण्याची अटच होती, म्हणजे निवडणूक लांबली की पैसाही अडकतो. आता रोज दीड-दोन जीबी डेटा संपवणाऱ्या माणसाला विचारा, भाऊ, तुमच्या सर्कलचा जिल्हा परिषद सदस्य कोण? बरेच जण 2017 सालच्याच माणसाचं नाव सांगतील. तोच माणूस अमेरिकेनं 2025 मध्ये भारतीय मालावर लावलेलं 50 टक्के शुल्क मात्र बिनचूक सांगेल. कापूस पिकवणाऱ्याला अमेरिकेचं शुल्क माहीत असावंच, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण ट्रम्पना त्याचं मत लागत नाही, सर्कलच्या सदस्याला लागतं. जिथे त्याच्या मताला किंमत आहे तिथेच तो अंधारात आहे.

यावर आकड्यांचा आधार देणारे एक उत्तर नेहमी देतात. पाहणी केली की इंटरनेट वापरणाऱ्याला राजकारणाच्या प्रश्नांची उत्तरं जास्त येतात, मग इंटरनेटनं ज्ञान वाढतं हे सिद्धच झालं ना? नाही झालं. इंटरनेट वापरणारा माणूस कोण असतो ते आधी पाहायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या ग्रामीण पुरुषांपैकी 48.7 टक्के लोकांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं, ग्रामीण स्त्रियांपैकी 24.6 टक्के स्त्रियांनी. म्हणजे वापरणारा बहुधा पुरुष, वयानं तरुण, जास्त शिकलेला, बऱ्यापैकी ऐपतीचा. हे चार गुण असलेल्या माणसाला 1985 मध्येही, हातात मोबाईल नसताना, जास्त उत्तरं आली असती. शिवाय ज्याला राजकारणाचा नाद असतो तोच बातम्यांचे चॅनल शोधून सबस्क्राइब करतो, म्हणजे कारण आणि परिणाम उलटे लागलेले असू शकतात. खरं काय ते पाहायचं तर एकाच माणसाला फोन येण्याआधी आणि आल्यावर तेच प्रश्न विचारावे लागतात. आणखी एक गफलत नेहमी होते. ‘तुम्हाला राजकारणात किती रस आहे’ याचं उत्तर आणि ‘सरपंच थेट लोकांतून निवडून येतो की सदस्यांमधून’ याचं उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात 2017 मध्ये सरपंचाची थेट निवड आली, 2020 मध्ये ती रद्द झाली, 2022 मध्ये परत आली. पहिल्या प्रश्नाला छाती काढून ‘खूप रस आहे’ म्हणणारा दुसऱ्या प्रश्नाला चाचरतो. रील पाहून ‘आपल्याला माहीत आहे’ ही भावना भराभर वाढते. माहिती तिच्या मागे रेंगाळत येते, कधी येतच नाही.

मतदानाच्या टक्केवारीचा दाखलाही असाच जपून वापरायला हवा. 2024 च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे 72 टक्के मतदान झालं, नागपुरात सुमारे 54 टक्के. भामरागड-एटापल्लीच्या कित्येक गावांत तेव्हा फोनवर बोलायला टेकडी चढावी लागायची, आणि नागपुरात फाईव्ह-जी. यावरून ‘नेट नाही तिथेच लोकशाही’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तोही टाळलेला बरा. शहरातल्या यादीत दुसरीकडे राहायला गेलेली, दोन ठिकाणी नोंदलेली नावं जास्त असतात, त्यामुळे टक्का खाली दिसतो. आणि मतदान करणं म्हणजे माहिती असणं नव्हे. एवढं मात्र या आकड्यांवरून नक्की म्हणता येतं की मतदानाला बाहेर पडायला माणसाला इंटरनेट लागत नाही.

आता समोरच्या बाजूचे जड मुद्दे. पहिला मुद्दा इतका जड आहे की मी तो जवळपास पूर्ण मान्य करतो. इंटरनेटच्या आधी गावात राजकारण कळायचं कुठे? पारावर, चावडीत, दूध डेअरीवर, पाटलाच्या ओसरीत. तिथे बसायचं कुणी हे ठरलेलं होतं. बाई तिथे बसत नव्हती. बौद्धवाड्यातला माणूस बसला तर कोपऱ्यात. पेपर एकच यायचा आणि तो ज्याच्या घरी यायचा, तो काय वाचून दाखवायचं ते ठरवायचा. जुन्या पारावरच्या चर्चेचे गोडवे गाणारे लेख वाचले की मला विचारावंसं वाटतं, त्या पारावर तुमची आजी कधी बसली होती का? मोबाईलनं हा पहारा उठवला. वस्तीवरच्या मुलीला शिष्यवृत्तीचा शासन निर्णय थेट वाचता येतो, बचत गटातल्या बाईला बँकेची योजना कुणाच्या मेहेरबानीशिवाय कळते. हे लहानसहान नाही. पण पहारा उठला म्हणून ती मुलगी चर्चेत बसायला लागली का? पार तसाच राहिला, फक्त त्याच्या शेजारी प्रत्येकाला स्वतःचा वेगळा कोपरा मिळाला. बाईच्या वाट्याला अनेक घरांत नवऱ्याचा किंवा मुलाचा फोन येतो, तोही रात्री, चार्जिंग उरलं तर.

दुसरा मुद्दा एका प्रयोगाचा आहे आणि तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातो, म्हणून सांगायलाच हवा. 2018 च्या अमेरिकी मध्यावधी निवडणुकीआधी हंट ऑलकॉट आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. त्यांची तुलना फेसबुक चालू ठेवणाऱ्यांशी केली. फेसबुक सोडलेल्यांचं मन थोडं बरं झालं, त्यांच्यातली राजकीय तेढ थोडी कमी झाली, पण बातम्यांची माहितीही कमी झाली. म्हणजे समाजमाध्यमांतून काही ना काही ज्ञान मिळतंच. हे मी मान्य करतो. पण मिळालं ते कशाचं? देशपातळीवरच्या ताज्या घडामोडींचं. त्या बातम्या लिहिणारे हजारो पत्रकार आहेत, त्या पसरवणारे पक्षांचे आयटी कक्ष आहेत. केळापूर तालुक्याच्या पंचायत समितीच्या मासिक सभेची बातमी लिहिणारं कोण आहे? पूर्वी जिल्हा आवृत्तीच्या तालुका वार्ताहराकडून निदान चार ओळी यायच्या. आता त्या वार्ताहराला जाहिराती गोळा करायच्या असतात आणि यूट्यूबवर तालुक्याचं चॅनल चालवणाऱ्याला पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे पैसे मिळतात. जे कुणी लिहिलंच नाही ते इंटरनेट पोचवणार कसं?

आवडीचा मुद्दा इथे नीट मांडायला हवा, कारण गाडी तिथेच अडते. 1970 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या फिलिप टिचनर आणि दोन सहकाऱ्यांनी एक गोष्ट दाखवून दिली होती. समाजात माहितीचा पुरवठा वाढला की शिकलेले लोक ती जास्त वेगानं उचलतात, त्यामुळे सगळे थोडे शहाणे होतात पण त्यांच्यातलं अंतर वाढतं. पुढे मार्कस प्रायर या राज्यशास्त्रज्ञानं यात निवडीचा मुद्दा घातला. वाहिनी एकच असते तेव्हा करमणुकीसाठी बसलेल्यालाही बातम्या पाहाव्या लागतात. वाहिन्या शंभर झाल्या की बातम्यांचा नाद असलेला दिवसभर बातम्या पाहतो आणि बाकीचे कधीच पाहत नाहीत. आपल्याकडे ज्यांनी 1980 च्या दशकातलं दूरदर्शन पाहिलंय त्यांना हे सांगावं लागणार नाही. गावात टीव्ही एक, तोही ग्रामपंचायतीचा नाही तर पाटलाचा. रविवारचा सिनेमा पाहायला जमलेलं अर्धं गाव मध्ये येणाऱ्या बातम्या उठून न जाता पाहायचं, कारण उठलं तर जागा जायची. ती सक्तीची शिकवणी केबलनं मोडली आणि सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यावर फोनमध्ये उरलीसुरलीही गेली. आता फोन माणसाला तेच दाखवतो ज्यावर त्याचा अंगठा थांबतो. क्रिकेटवर थांबला तर क्रिकेट, लावणीवर थांबला तर लावणी. वरून ‘महत्त्वाचं असेल तर कळेलच, कुणीतरी पाठवेलच’ असा एक भरवसा मनात बसतो. असा भरवसा बसलेला माणूस मुद्दाम काही शोधायला जात नाही.

अफवांचं काय? त्यांच्यावर फार बोललं जातं, म्हणून मी थोडक्यात उरकतो. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं गेलं. त्याच महिन्यात वॉट्सअ‍ॅपनं भारतात एक संदेश पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवायला बंदी घातली. त्यानं वेग कमी झाला. पण अफवा मान टाकते ती खरी माहिती आधीपासून हाताशी असलेल्या ठिकाणी. घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव का आलं आणि कुणाचं का गळलं हे गावाला ठाऊक असेल तर ‘अमुक जातीलाच घरकुलं देतात’ हा फॉरवर्ड दोन दिवसही टिकत नाही. ठाऊक नसेल तर तो पाच वर्षं टिकतो आणि मतपेटीत जातो.

सगळ्यात हुशार आक्षेप अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञाचा आहे आणि तो 1957 चा आहे. लाखो मतांत एका मतानं निकाल फिरण्याची शक्यता जवळपास शून्य, मग माहिती मिळवायला सामान्य माणसानं वेळ का घालवावा? अडाणी राहणं हाच त्याचा शहाणपणा. आपल्याकडे हेच सिद्धांत म्हणून नाही तर कपाळावर हात मारून सांगतात: ‘आपल्याले काय करा लागते राजेहो!’ लोकसभेपुरता मी डाउन्स मान्य करतो, अठरा-वीस लाखांच्या यादीत एका मताची काय मातब्बरी! पण ग्रामपंचायतीच्या वॉर्डात चार-पाचशे मतं असतात. तिथे दहा-बारा मतांनी माणूस पडतो, कधी चिठ्ठी टाकून निकाल लागतो. म्हणजे डाउन्सचं गणित जिथे सगळ्यात लंगडं पडतं, जिथे माहिती मिळवण्याचा मोबदला खरोखर मिळू शकतो, नेमकं त्याच पातळीवर इंटरनेट मुकं आहे. आणि जिथे एका मताचा मोबदला शून्य, तिथलं ते रात्रंदिवस ऐकवतं. राजकारण ही पाहायची गोष्ट आहे, करायची नाही, हा समज यातूनच पक्का होतो.

कापसाचं उदाहरण घ्या. 2025-26 साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,710 रुपये आणि लांब धाग्याचा 8,110 रुपये क्विंटल ठरला. 19 ऑगस्ट 2025 पासून केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. ही बातमी वणी आणि हिंगणघाटच्या शेतकऱ्याच्या फोनवर त्याच दिवशी आली, हे श्रेय इंटरनेटला द्यायलाच हवं. वीस वर्षांपूर्वी ती व्यापाऱ्याला आधी कळली असती. पण पुढे काय झालं? एका बाजूचे रील म्हणाले शेतकरी मेला, दुसऱ्या बाजूचे म्हणाले काळजी नको, हमीभाव आहे. मतदार म्हणून लागणारी माहिती वेगळीच होती. हमीभावाची शिफारस कृषिमूल्य आयोग करतो आणि निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाची समिती घेते. शुल्काची अधिसूचना अर्थ मंत्रालय काढतं. खरेदी सीसीआय (भारतीय कपास निगम) करते, जी वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली आहे. त्या हंगामात तिनं ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी मागितली, आणि ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापते, 12 टक्क्यांच्या वर गेला की माल परत पाठवते. बाजार समिती मात्र राज्याच्या कायद्याखाली, तिचे संचालक इथलेच. आता खरेदी केंद्रावरून गाडी परत आली तर राग कुणावर काढायचा? ओलावा मोजणाऱ्यावर, नोंदणी अडली म्हणून सेतू केंद्रावर, संचालकावर की खासदारावर? हा धागा उकलता येणं म्हणजे राजकीय ज्ञान. रीलमध्ये तो नसतो, कारण पन्नास सेकंदांत एकच खलनायक मावतो.

मग असं ज्ञान येतं कसं? याचं उत्तर मराठी मुलखातच, आणि फार जुन्या काळी, मिळालेलं आहे. 1956 मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं बसवली. (विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, म्हणून आपला नंबर लागला नाही.) दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. गावातली वीसेक माणसं एकत्र बसून ऐकायची, संपलं की त्यावर बोलायची, आणि शंका केंद्राला लिहून पाठवायची. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं यायची. पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञानं याची तपासणी केली आणि तुलनेला दोन प्रकारची गावं घेतली: रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. मंडळाच्या गावांत माहिती भरभरून वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ किरकोळ होती. आवाज तोच, मजकूर तोच, कान तसेच. फरक पडला तो ऐकून झाल्यावर झालेल्या बोलण्यानं आणि आपला प्रश्न तिकडे पोचतो या खात्रीनं. आपण गेली दहा वर्षं रेडिओ नसलेल्या गावाला नुसत्या रेडिओचं गाव करतो आहोत आणि निकाल मात्र मंडळाच्या गावाचा मागतो आहोत.

जवळचं उदाहरण हवं असेल तर गडचिरोलीतलं धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्याभोवती तिथे अभ्यासगट चालले. गावकरी, आणि बाहेरचा जाणकार बोलावला तर तोही, एक विषय घेऊन बसत, कायदा वाचत, वाद घालत. निर्णय मात्र ग्रामसभेत आणि सर्वांच्या सहमतीनं. 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात येऊन ग्रामसभेच्या हाती द्यावं लागलं. वनहक्क कायद्याची कलमं इतकी पाठ असलेली माणसं त्या वर्षी मंत्रालयातही मोजकीच असतील. आणि तेव्हा स्मार्टफोन गावोगाव पोचलेला नव्हता.

कुणी म्हणेल, मेंढा एकच. तिथे गाव लहान, गोंड समाजाची जुनी बैठक, वर असे कार्यकर्ते. वऱ्हाडातल्या चार जातींच्या, तीन पक्षांच्या, दोन भावकीत फाटलेल्या गावात हे कसं चालेल? आक्षेप रास्त आहे. सहमतीनं निर्णय तिथे होणार नाहीत, त्याचा आग्रहही धरू नये. पण सहमतीशिवायही कागद समोर ठेवता येतो. भांडण व्हायचंच असेल तर ते आकड्यांवर होऊ द्या. इथे मात्र इंटरनेटचा खरा उपयोग आहे, आणि तो कसा करायचा ते तपशिलानं सांगायला हवं, कारण ‘सगळं ऑनलाइन आहे’ म्हणणाऱ्यांनी बहुधा ते कधी उघडून पाहिलेलं नसतं.

ई-ग्रामस्वराज हे पोर्टल 24 एप्रिल 2020 पासून चालू आहे. त्यावर ग्रामपंचायतीचा मंजूर आराखडा आणि जमाखर्च दिसतो. आर्थिक वर्ष, राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि शेवटी ग्रामपंचायत निवडायची. पहिली अडचण इथेच. गट ग्रामपंचायत असेल तर तुमच्या गावाचं नाव यादीत नसतंच, गटाच्या मुख्य गावाचं असतं. आणि नावं इंग्रजी स्पेलिंगनं, त्यामुळे ‘खुर्द’ आणि ‘बुद्रुक’ यांत माणूस हमखास फसतो. दुसरी अडचण, कामांची नावं मोघम: ‘नाली बांधकाम’, ‘पाणीपुरवठा दुरुस्ती’. कुठली नाली, कुणाच्या घरापासून कुणाच्या घरापर्यंत, ते गावात बसूनच उलगडतं, घरात एकट्यानं स्क्रीन पाहून कधीच नाही. तिसरी गोष्ट नियमाची. 2021-22 ते 2025-26 या काळात पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला 60 टक्के वाटा बंधित होता, निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी. उरलेला 40 टक्के अबंधित, पण त्यातून पगार देता येत नव्हते. हे माहीत नसेल तर ‘सभामंडप का बांधला नाही’ म्हणून सरपंचाला विनाकारण शिव्या बसतात आणि ‘पाण्याचा पैसा सिमेंट रस्त्यात कसा गेला’ हा खरा प्रश्न विचारायचा राहतो.

उमेदवाराच्या शपथपत्राचंही असंच. 2002 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण जाहीर करावं लागतं. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराचा नमुना 26 निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर मिळतो. तो स्कॅन केलेल्या पानांचा गठ्ठा असतो, मोबाईलवर अक्षर दिसत नाही, तिसऱ्या पानावर माणूस सोडून देतो. तो शेवटून वाचावा. शेवटी ‘भाग ब’ असतो, त्यात आधीच्या सगळ्या पानांचा गोषवारा येतो: प्रलंबित खटले किती, शिक्षा झालेली प्रकरणं किती, स्थावर-जंगम मालमत्ता, सरकारी थकबाकी. त्यात खटकण्यासारखं काही दिसलं तरच मागे जाऊन कलम आणि न्यायालय पाहावं. आणि पोलिसांत तक्रार आहे म्हणजे माणूस गुन्हेगार असं धरू नये. रास्ता रोकोचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा यांची कलमं वेगळी असतात, ती वाचूनच ठरवावं. हे अ‍ॅप जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीच्या उमेदवारांना मात्र लागू नाही, कारण त्या निवडणुका 1994 साली स्थापन झालेला राज्य निवडणूक आयोग घेतो. म्हणजे इथेही तेच: सोय आहे ती वरच्या मजल्यावर.

हे कागद न्यायचे कुठे? ग्रामसभेत. साधारणपणे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी ती भरते, नोटीस सात दिवस आधी निघायला हवी. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा शंभर, यांतलं जे कमी ते लागतं. प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. नोटिशीचा फोटो रात्री गावाच्या ग्रुपवर पडतो, सकाळपर्यंत तो ‘शुभ प्रभात’च्या फुलांखाली गाडला जातो, झेंडावंदन झाल्यावर माणसं पांगतात, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग पुढच्या वेळी बारा माणसांत वर्षभराचा आराखडा मंजूर होतो आणि फोटो मात्र पोर्टलवर चढतो. ग्रुपवर टाकली म्हणजे नोटीस पोचली, ही समजूत दवंडी बंद पडल्यापासून बोकाळली आहे. दवंडी ज्याला ऐकायची नाही त्याच्याही कानावर पडायची.

म्हणून गावातल्या चार शिकलेल्या पोरांनी एवढं करावं. सभेच्या आठ दिवस आधी पोर्टलवरून मागच्या वर्षाची जमा, खर्च आणि मंजूर कामं उतरवून दोन पानी मराठी पत्रक करावं. प्रत्येक कामापुढे ते कुठे झालं याची जागा मोकळी सोडावी, म्हणजे ती गावकऱ्यांना भरावी लागेल. पत्रक ग्रुपवर टाकावंच, पण झेरॉक्स काढून डेअरीवर, पिठाच्या गिरणीवर आणि बचत गटाच्या बैठकीतही द्यावं. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते आणि ती बहुतेक ठिकाणी केवळ सह्यांपुरती होते. पत्रक पहिल्यांदा तिथे वाचावं, कारण पाण्याची टाकी किती दिवस कोरडी होती हे बायकांना सगळ्यात आधी माहीत असतं. विरोधी गट आपलं वेगळं पत्रक काढेल, त्यातले आकडे सोयीचे निवडलेले असतील. काढू द्यावं. दोन्ही पत्रकं ग्रामसभेत मोठ्यानं वाचावीत आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे नोंदवही मागून आकडे पडताळावेत. ‘नंतर दाखवतो’ असं उत्तर मिळालं तर तो विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याचा अर्ज तिथल्या तिथे लेखी द्यावा, आणि तारीख-शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय उठू नये.